बारा मशिनांचे परवाने

चिंचपोकळी स्टेशनचा पूल उतरून लालबागच्या अंगाला चालू लागलं, की चौथ्या चाळीच्या तळमजल्यावर एक निळी पाटी दिसते. 'प्रगती टायपिंग इन्स्टिट्यूट. मराठी, हिंदी, इंग्रजी.' पाटीच्या कोपऱ्यात टाइपरायटरचं चित्र आहे. आत गेलं तर टाइपरायटर एकही नाही. लांबट खोलीत भिंतींना लागून दोन ओळींत बारा कॉम्प्युटर, मध्ये चालायला हातभर जागा, आणि त्या जागेतून अखंड येरझारा घालणाऱ्या कालिंदीबाई आरोलकर.

बाईंचं वय चौपन्न. त्या भरभर चालतात, कमी बोलतात, आणि खुर्चीत कधी टेकून बसत नाहीत. एकोणिसाव्या वर्षी त्या याच खोलीत शिकायला आल्या. तेव्हा इथे बावीस टाइपरायटर होते आणि कुंटे सर होते. पाच महिन्यांत कालिंदी मिनिटाला चाळीस शब्दांवर पोचली. सर म्हणाले, "उद्यापासून नव्या मुलींना तू बघ." पुढे सरांची नजर अधू झाली, त्यांनी किल्ल्या बाईंच्या हातात दिल्या आणि ते मुलाकडे नाशिकला गेले. त्याला बावीस वर्षं झाली.

लालबाग, काळाचौकी, घोडपदेव इथल्या किती मुली बाईंच्या हाताखालून गेल्या याची मोजदाद कुणाकडे नाही. कुणी मंत्रालयात आहे, कुणी कोर्टात, कुणी वकिलाकडे, कुणी सोसायटीच्या ऑफिसात. बाई त्यांना नावाने ओळखतातच असं नाही, पण बोटांवरून ओळखतात. रस्त्यात एखादी भेटली तर विचारतात, "करंगळी अजून उचलतेस का गं?"

त्यांच्या क्लासात एक गोष्ट पाहुण्याला विचित्र वाटते. पहिल्या महिन्यातल्या मुलींच्या कीबोर्डवर मागचं अक्षर खोडायचं बटणच नसतं. बाईंनी ते स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून काढलेलं असतं, आणि बारा बटणं टेबलाच्या खणात चहाच्या डब्यात ठेवलेली असतात. महिना झाला की मुलीला तिचं बटण परत मिळतं. "टाइपरायटरवर कुठे होतं बटण?" बाई म्हणतात. "चूक झाली तर झाली. दिसू दे. दिसली की हात सुधारतो."

सरकारने टाइपरायटरच्या परीक्षा बंद केल्या आणि कॉम्प्युटरच्या सुरू केल्या, तेव्हा आजूबाजूचे चार क्लास बंद पडले. बाईंनी मिळेल तिथून जुनी कॉम्प्युटर मशिनं गोळा करून काही वर्षं रेटली. तीही एकेक करून बसली, तेव्हा त्यांनी आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. तो दीपक. मुलींच्या क्लासात शिकलेला एकटा मुलगा, म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहिलेला. त्याचं गिरगावात ठाकूरद्वारला कॉम्प्युटर जोडून विकायचं छोटं दुकान आहे. ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची.

"बाई, मशीन जोडून देतो, त्याचं टेन्शन नाही," दीपक म्हणाला होता. "प्रश्न विंडोजचा आहे. दोन रस्ते आहेत. तिसरा पण आहे, पण तो तुमच्यासमोर बोलायची माझी टाप नाही."

"तिसरा कुठला?"

"फुकटचा. चोरीचा. सगळीकडे तोच चालतो."

"पुढे बोल."

"एक रिटेल. डब्यातून येतं, पूर्ण किंमत. आज ह्या मशीनवर टाका, उद्या मशीन मेलं की काढून दुसऱ्यावर टाका, कोण विचारत नाही. दुसरं ओईएम. आम्ही मशीन जोडणारे, आम्हाला नव्या मशीनबरोबर विकायला कंपनी स्वस्तात देते ते. रिटेलच्या निम्म्याहून कमी. चालायला दोन्ही सेम टू सेम."

"सेम आहे तर स्वस्त का?"

"कारण ते ज्या मशीनवर चढलं, त्याच्यावरच मरणार. मशीनचं मुख्य बोर्ड बदललं, की कंपनीच्या लेखी मशीनच नवीन. परवाना खलास."

बाईंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे चाळीतली मोरी. खोली सोडली की मोरी काही बरोबर नेता येत नाही."

"करेक्ट! आणि काही बिघडलं तर कंपनीला फोन करायचा नाही. ते म्हणणार, ज्याने मशीन जोडलं त्याला विचारा."

"म्हणजे तुला."

"म्हणजे मला."

"तू फोन उचलतोस का?"

दीपकने दोन्ही कान पकडले.

बाईंनी कागदावर हिशेब मांडला. रिटेल घेतलं तर जमवलेल्या पैशांत सात मशिनं बसत होती. ओईएम घेतलं तर बारा. एका बॅचला मुली बाराच. त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "मोरीवालं दे. पण बिल पक्कं पाहिजे."

अशी बारा मशिनं आली. प्रत्येकाच्या सीपीयूच्या डब्याच्या बाजूला बोटभर लांबीचा एक चकचकीत स्टिकर होता. त्यावर रंग बदलणारी पट्टी, आणि पाच-पाचच्या गटात पंचवीस अक्षरं-आकडे. "हाच परवाना," दीपक म्हणाला. "पेपर वगैरे काही नाही. हा जपा."

बाईंनी तो जपला नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही. त्यांना जपण्याची जी एक रीत ठाऊक होती, त्या रीतीने त्यांनी तो जपला.

ती रीत कुंटे सरांच्या आधीपासूनची. खंडेनवमीला गिरणगावात प्रत्येक कारखान्यात यंत्रं पुसतात, तशी इथेही. ज्या मुलीचं जे मशीन, ते तिने पुसायचं. टाइपरायटरच्या खिळ्यांत शाईचा मळ बसलेला असायचा, तो थिनर आणि दात घासायच्या ब्रशने काढायचा, नवी रिबीन घालायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. कॉम्प्युटर आले तेव्हा खिळे गेले, पण खंडेनवमी राहिली. मग मुलींनी डबे पुसले. कुंकू कुठे लावायचं, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांना एकच जागा सुचली. त्या काळ्या पत्र्यावर कपाळासारखी चमकणारी जागा ती एकच होती. तेलात कालवलेलं कुंकू वर्षभर तिथेच वाळलं. पुढच्या वर्षी ते पाण्याने निघेना, तेव्हा बाईंनीच थिनरची बाटली पुढे केली. "घासा. चकचकीत झालं पाहिजे." असे तीन दसरे गेले. स्टिकरची बाजू भिंतीकडे वळलेली, म्हणून एरवी तिकडे कुणाची नजर जात नव्हती.

आता या फेब्रुवारीत बाईंना त्याच स्टिकरांचं काम पडलं.

त्याचं असं झालं. मुली शिकायच्या इथे, आणि परीक्षेला जायच्या दुसरीकडे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथले कीबोर्ड वेगळे, टेबलं उंच. मागच्या खेपेला पूर्वी नावाची मुलगी, जी इथे डोळे मिटून बेचाळीसला जायची, ती तिथे अठ्ठावीसवर अडकली आणि नापास झाली. तिच्या हातातली नोकरी त्या एका प्रमाणपत्रावर अडली होती, ती गेली. पूर्वी पुन्हा क्लासला आली नाही. त्या आठवड्यात बाईंनी अर्ज केला. प्रगती इन्स्टिट्यूटला परीक्षा केंद्राची मान्यता मिळावी. मुलींनी ज्या मशीनवर हात बसवला, त्याच मशीनवर परीक्षा द्यावी. वर्षभर कागद गेले, कागद आले. अखेर पत्र आलं: गुरुवारी सकाळी अकरा वाजता तपासणी. किमान बारा चालू संगणक, आणि प्रत्येकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या परवान्याची यादी तयार ठेवावी.

सोमवारी सकाळी बाई यादी करायला बसल्या. सोबत रुचा होती. ती बाईंचीच विद्यार्थिनी, आता दुपारच्या बॅचेस घेते. रुचाने पहिला डबा भिंतीपासून ओढला, मोबाईलचा उजेड पाडला, आणि स्टिकरवर बोट फिरवलं.

"वाच की," बाई पेन सरसावून म्हणाल्या.

"बाई, काय वाचू? पांढराफेक आहे."

बाईंनी स्वतः वाकून पाहिलं. रंग बदलणारी पट्टी होती, पण अक्षरांच्या जागी फिकट गुलाबी डाग. दुसऱ्या डब्यावरची अक्षरं शाबूत होती. तिसऱ्यावर नाही. चौथ्यावर एक 'के' आणि अर्धा आकडा. बारा डबे ओढून झाले तेव्हा तीन स्टिकर वाचता येत होते, दोन, नऊ आणि अकरा. बाकी नऊ जणींनी मन लावून घासलं होतं.

"ह्या तिघी कामचुकार निघाल्या म्हणून वाचलं," रुचा हसू आवरत म्हणाली. बाईंचा चेहरा बघून तिचं हसू विरलं.

"थिनर कुणी दिलं?" बाई म्हणाल्या.

"बाई, तसं नाही..."

"मी दिलं. फोन लाव दीपकला."

दीपकने फोन उचलला. आधी तो भरपूर हसला, मग त्याने रुचाला सांगितलं, काळ्या खिडकीत अमुक एक ओळ टाइप कर. मशीन आपल्या पोटातल्या परवान्याची शेवटची पाच अक्षरं आणि त्याची जात दाखवेल. रुचाने पहिल्या मशीनवर केलं. पाच अक्षरं आली, शेजारी 'ओईएम' आलं. बाईंनी लिहून घेतलं. दुसऱ्यावरची पाच अक्षरं स्टिकरच्या शेवटच्या पाचांशी जुळली, तेव्हा बाईंनी पहिल्यांदा श्वास सोडला. तीन, चार, पाच, सहा. सातव्या मशीनपाशी रुचा अडखळली.

"दीपकदादा, सातवर ओईएम नाही येत. दुसरंच काहीतरी येतंय. 'व्हॉल्यूम' असं."

 मग दीपक म्हणाला, "गिऱ्हाईक आलंय. बाईंना सांग, मी नंतर करतो," आणि फोन बंद.

बाईंनी उरलेली पाच मशिनं पूर्ण केली. ती ठीक होती. त्यांनी यादीत सातसमोर जागा कोरी सोडली.

दुपारी त्यांचे यजमान वसंतराव डबा घेऊन आले. ते पलीकडच्या गल्लीत स्क्रीन प्रिंटिंगच्या प्रेसमध्ये काम करतात. लग्नपत्रिका, औषधांची लेबलं, मंडळांचे बिल्ले. थिनरची बाटली त्यांच्याच प्रेसमधली. त्यांनी सगळं ऐकलं, दोन नंबरच्या मशीनवरचा शाबूत स्टिकर चष्मा वर करून बराच वेळ न्याहाळला आणि शांतपणे आपल्या मालवणीत म्हणाले, "गो, ह्या तर आमच्याकडे होता."

"काय होतं तुमच्याकडे?"

"छापून. पट्टी बाजारात गावता. अक्षरां तू दी. नऊ स्टिकर म्हणजे अर्ध्या दिवसाचा काम. तुझ्या सायबाच्या बापाशीक पण कळाचा नाय."

रुचा डोळे मोठे करून बाईंकडे बघत राहिली. खरं सांगायचं तर तो विचार तिच्याही मनात येऊन गेला होता.

"अक्षरं मी कुठून देऊ? शेवटची पाचच माहीत आहेत," बाई म्हणाल्या.

"बाकीची वीस कोण बघता? टाक काय ता."

"आणि मग मी उद्या मुलींना काय सांगू? खोडायचं बटण का काढलंय म्हणून?"

वसंतरावांनी चष्मा खाली घेतला. तीस वर्षांच्या संसारात हा सूर त्यांना पाठ होता. "बरा. माका काय!" ते म्हणाले. "बांगडो हा डब्यात. निवता तो."

मंगळवारी सकाळी क्लास रुचावर सोपवून बाई गिरगावात गेल्या. दीपकच्या दुकानात एक माणूस उभा राहील एवढीच जागा. बाकी सगळ्या तारा, पंखे, उघडे डबे. बाईंना दारात बघून तो उठून उभा राहिला, जसा क्लासात राहायचा.

"बाई, तुम्ही कशाला... मी आलो असतो."

"सात नंबर," बाई म्हणाल्या.

दीपकने काउंटरवरची धूळ बोटाने पुसली. "मागच्या मेमध्ये त्याचं बोर्ड जळलं होतं. आठवतं? लाईट जाऊन आली तेव्हा."

"आठवतं. तू बोर्ड बदललंस. बिल दिलंस. मी पैसे दिले."

"बोर्ड बदललं म्हणजे ओईएम गेलं. नवं घ्यायला पाहिजे होतं. तुम्ही म्हणालात, आत्ताच फीचे पैसे पावसाआधी मागच्या पडवीच्या पत्र्यांत गेले. मग मी ते... मोठ्या कंपन्यांचं असतं, हजार मशिनांना एकच चावी. कुणाकडून तरी बाहेर आलेली. ती टाकली. तुमचे पैसे वाचावेत म्हणून, बाई. देवाशपथ, एक रुपया नाही घेतला."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणजे तुला माहीत होतं."

 वरच्या मजल्यावर कुणीतरी तांदूळ पाखडत होतं की काय, बारीक आवाज येत होता. बाईंना राग आला होता, पण तो दीपकवर नीट बसत नव्हता. दहा महिने त्या मशीनवर मुली बसल्या होत्या, आणि दहा महिने त्या स्वतः त्याच्या पाठीमागून येरझारा घालत होत्या. बोर्ड बदललं की परवाना खलास, हे तीन वर्षांपूर्वी त्यांना सांगितलेलं होतं. मोरीचा दाखला त्यांनीच दिला होता. मग मेमध्ये त्यांनी विचारलं का नाही? विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर पैसे लागले असते. ही गोष्ट त्यांना ठाकूरद्वारच्या त्या चिंचोळ्या दुकानात उभ्या-उभ्या कळली, आणि त्यांनी ती तशीच गिळली.

"स्टूल दे," त्या म्हणाल्या.

"बाई?"

"बसायला. तू ज्याच्याकडून ती बारा ओईएम उचललीस, त्याचं तुझ्या नावचं बिल असेल. ते काढ. माझ्याकडे तुझं बिल आहे. दोन्ही जोडली की बारा कुठून आली ते दिसेल."

"तीन वर्षांपूर्वीचं? बाई, ते पोटमाळ्यावर कुठेतरी... मी शोधून पाठवतो ना."

"मी बसते."

बाई बसल्या. स्टुलाला पाठ नव्हती, त्यांना ती लागतही नव्हती. अकरा वाजता बसल्या त्या साडेतीनपर्यंत. मध्ये चार गिऱ्हाइकं येऊन गेली. एकाला त्यांनी कीबोर्ड निवडायला मदत केली. दीपक पोटमाळ्यावरून एकेक गठ्ठा खाली टाकत होता, शिंकत होता, आणि दर अर्ध्या तासाने विचारत होता, "बाई, चहा?" दुसऱ्या चहाच्या वेळी त्यांनी होकार दिला. सव्वातीनला वरून आवाज आला, "सापडलं!" आणि दीपक जाळ्यांनी माखलेलं डोकं घेऊन खाली उतरला. बिलावर तारीख होती, त्याच आठवड्यातली. नग बारा. प्रकार ओईएम.

"झालं?" दीपकने घाम पुसत विचारलं.

"अकरा झाले. सातला नवं दे."

"ओईएमच देतो. फक्त एक आहे, ते नव्या सामानाबरोबरच विकायचं असतं. बोर्ड जुनं झालं. मी बिलावर एक नवं बोर्ड दाखवतो, म्हणजे..."

"दीपक."

"सॉरी."

"रिटेल दे. पूर्ण किमतीचं. बिलावर आजची तारीख टाक."

"बाई, तारीख मागची टाकतो ना, मेची. कुणाला..."

यावेळी बाईंनी नावही घेतलं नाही, नुसतं बघितलं. दीपकने आजची तारीख टाकली. स्वतःचा नफा त्याने काढून टाकला, तो बाईंनी पुन्हा घालायला लावला. उन्हाळ्याआधी क्लासात दोन पंखे बसवायचे ठरले होते. ते आता राहिले.

गुरुवारी अकराला पाच मिनिटं असताना तपासणी अधिकारी आल्या. नाव आकांक्षा सुर्वे, तिशीच्या आतबाहेर, खांद्याला पिशवी, हातात छापील तक्ता. रुचाने खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत. टेबलांची उंची मोजली, विजेच्या वायरी पाहिल्या, मागचं दार उघडतं का ते उघडून पाहिलं. बारा मशिनं एकदम सुरू करायला लावली. मग यादी मागितली.

बाईंनी टाइप केलेलं एक पान दिलं. सोबत तीन बिलं, टाचणी लावून.

"ह्यात पूर्ण क्रमांक नाहीत," सुर्वे मॅडम म्हणाल्या. "शेवटची पाच अक्षरंच आहेत."

"स्टिकर पुसले गेले आहेत. तीन शिल्लक आहेत, ते डबे मी बाजूला वळवून ठेवलेत. बाकीच्यांची शेवटची पाच अक्षरं मशीनवर दिसतात. रुचा, दाखव."

"पुसले गेले म्हणजे? कसे?"

"खंडेनवमीला. थिनरने. मीच सांगितलं घासायला."

सुर्वे मॅडमनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा रुचाला वाटला, पण लगेच स्थिर झाला. त्यांनी एकेका मशीनवर अक्षरं ताडून पाहिली, घाऊक विक्रेत्याचं बिल आणि दीपकचं बिल शेजारी ठेवलं, तारखा बघितल्या.

"सगळीच रिटेल का नाही घेतलीत? एवढी भानगडच झाली नसती."

"रिटेल घेतली असती तर सात मशिनं आली असती. मुली बारा आहेत."

"हं." त्यांनी तक्त्यात काहीतरी खूण केली. मग बोट यादीवर खाली आलं. "सात नंबर रिटेल आहे. बिल परवाचं."

"हो."

"नवीन मशीन?"

 हो म्हटलं की संपलं. मशीन नवं की जुनं, हे डब्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं. रुचाने बाईंकडे पाहिलं. बाई सरळ उभ्या होत्या, हात पदराखाली.

"मशीन जुनंच आहे," बाई म्हणाल्या. "त्याचं बोर्ड मे महिन्यात बदललं. तेव्हा त्याचा परवाना संपला. परवापर्यंत त्याच्यावर विक्रेत्याने टाकलेलं जे होतं, ते चोरीचं होतं. मला मंगळवारी कळलं. पण मेमध्ये विचारायला पाहिजे होतं, ते मी विचारलं नाही."

खोलीत बारा पंख्यांची घरघर ऐकू येत होती, मशिनांच्या आतल्या. सुर्वे मॅडमनी पेन टोपणात घातलं.

"हे मला लिहावं लागेल, माहीत आहे ना तुम्हाला?"

"लिहा."

"तुम्ही सांगितलं नसतं तर मी विचारलंही नसतं."

"माहीत आहे."

सुर्वे मॅडम फोन घेऊन बाहेर ओट्यावर गेल्या. काचेतून त्यांची पाठ दिसत होती आणि मधूनमधून हलणारा हात. रुचा बाईंच्या कानाशी आली. "बाई, काय गरज होती हो? वर्षभर खेपा घातल्यात. त्या पूर्वीसाठी घातल्यात ना? आता दुसरी पूर्वी झाली तर?"

 रुचाचा प्रश्न खोटा नव्हता. मान्यता गेली तर जूनमध्ये चोवीस मुली पुन्हा त्या उंच टेबलांवर बसणार होत्या, आणि त्याला बाईंचं आजचं एक वाक्य कारण होणार होतं. हे त्यांनी बुधवारी दिवसभर मनात घोळवलं होतं. दुसरं वाक्यही तयार करून पाहिलं होतं. ते जिभेवर बसलं नव्हतं.

"झाली तर पुन्हा अर्ज करीन," त्या म्हणाल्या. "आणि ह्या वेळी त्या मुलींना घेऊन मी स्वतः तिथे आदल्या दिवशी जाईन, टेबलांवर हात बसवायला. परवानगी देईपर्यंत दारात बसेन. बसता येतं मला."

दहा मिनिटांनी सुर्वे मॅडम आत आल्या. आता त्या खुर्चीत बसल्या आणि तक्त्याच्या शेवटच्या पानावर लिहू लागल्या. अक्षर बारीक होतं. लिहून झाल्यावर त्यांनी कागद बाईंकडे फिरवला.

"मोठ्याने वाचते, म्हणजे नंतर वाद नको. अकरा परवाने बिलांवरून मान्य. बारावा परवापासून वैध, मान्य. आधीच्या दहा महिन्यांबद्दल संस्थेला लेखी ताकीद, ती पाच वर्षं तुमच्या फाईलला राहील. केंद्राची मान्यता एका परीक्षेपुरती, जूनची. त्यानंतर फेरतपासणी. त्यात एक जरी मशीन बेकायदा सापडलं, तर केंद्रही जाईल आणि इन्स्टिट्यूटची नोंदणीही. मंजूर असेल तर सही करा. नसेल तर मी अर्ज परत पाठवते, पुढच्या वर्षी नव्याने करा. तेव्हा ही ताकीद फाईलमध्ये नसेल."

रुचाला वाटलं बाई विचार करायला थोडा वेळ मागतील. बावीस वर्षांत त्या फाईलला एक शेरा लागलेला नव्हता, आणि बाईंना त्याचा केवढा अभिमान होता हे तिला माहीत होतं. कुंटे सरांना त्या दर दिवाळीला पत्रात तेवढी एक ओळ आवर्जून लिहायच्या.

बाईंनी कागद जवळ ओढला. ताकीद होती ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"एक दुरुस्ती आहे," त्या म्हणाल्या.

सुर्वे मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "काय?"

"तुम्ही लिहिलंय, 'विक्रेत्याने बेकायदा प्रणाली बसवली'. पुढे लिहा, 'व संचालिकेने बोर्ड बदलल्यावर परवान्याची चौकशी केली नाही'. नाहीतर सगळं त्या दीपकवर जातं."

सुर्वे मॅडमनी ते वाक्य जोडलं. बाईंनी खाली पूर्ण नावाने सही केली. कालिंदी वसंत आरोलकर. अक्षर टाइप केल्यासारखं सरळ.

"जूनची तारीख कळवतील," उठताना सुर्वे मॅडम म्हणाल्या. दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या. "फेरतपासणी सांगून होत नाही हं. कुठल्याही दिवशी येऊ."

"या ना," बाई म्हणाल्या. "सकाळी साडेसातला उघडतं. मी सात वाजताच असते."